वही भरली, तरी बातमी कळेना: हवामान बदलाच्या बातम्यांतून इंग्रजी

वहीबहाद्दर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

इंग्रजी सुधारायचं म्हणून चार महिन्यांपूर्वी नेम धरला. रोज हवामान बदलावरची एक इंग्रजी बातमी वाचायची आणि अडलेले शब्द वहीत उतरवायचे. विषय मुद्दाम हा घेतला, कारण रोज काही ना काही छापून येतं आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. घोकावं लागत नाही. वही आता भरत आली. ‘मिटिगेशन’, ‘अ‍ॅडाप्टेशन’, ‘एमिशन’, ‘कार्बन सिंक’, ‘रेझिलियन्स’, ‘बायोडायव्हर्सिटी’... झोपेतून उठवून विचारलंत तरी अर्थ सांगेन.

काल हे वाक्य समोर आलं:

‘एमिशन्स मस्ट फॉल बाय ४३ पर्सेंट बाय २०३० फ्रॉम २०१९ लेव्हल्स.’

एकही शब्द नवीन नाही. तरी चार वेळा वाचलं. ४३ टक्के कमी करायचंय की ४३ टक्क्यांवर आणायचंय? ‘बाय’ दोनदा का आलाय? आधी छपाईची चूक समजून सोडून देणार होतो. मग वाटलं, चूक माझीच असावी. विषय चुकला की पद्धत?

खिडकीपाशी | सोमवार, रात्री ९.५५

+१. मी वही अक्षरानुक्रमे लिहायला घेतली. दोन महिने झाले, अजून ‘ए’मध्येच आहे.

शब्दवेडी | सोमवार, रात्री १०.२०

छपाईची चूक नाही. पहिला ‘बाय’ म्हणजे आपला ‘नी’: ४३ टक्क्यांनी. दुसरा म्हणजे ‘पर्यंत’: २०३० पर्यंत. आपल्याकडे ही दोन कामं दोन वेगळ्या शब्दांकडे आहेत, इंग्रजीत एकाच शब्दाच्या गळ्यात. पहिल्या ‘बाय’च्या जागी ‘टू’ घालून पाहा. मग उत्सर्जन (हवेत सोडले जाणारे, तापमान वाढवणारे वायू) २०१९ च्या ४३ टक्क्यांवर आणायचं, म्हणजे ५७ टक्क्यांनी घटवायचं. दोन अक्षरांच्या शब्दाने सगळं गणित फिरलं. हा आकडा गमतीचाही नाही. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर २०३० पर्यंत जगाचं उत्सर्जन साधारण एवढं घटायला हवं, असं आयपीसीसी या हवामान बदलावरच्या जागतिक समितीच्या अहवालात आहे.

विषय उत्तम निवडला आहेस. वहीत मात्र सगळी नामंच नामं भरली आहेत. ‘कार्बन सिंक’ (कार्बन शोषून घेणारं जंगल, समुद्र वगैरे) दहा बातम्यांत दहाही वेळा कार्बन सिंकच असतो. बातमी घडते ती क्रियापदात. घटवण्यासाठी ‘कर्ब’, ‘स्लॅश’, ‘कॅप’, ‘हाव्ह’. वाढीसाठी ‘सर्ज’, ‘सोअर’, ‘क्लाइंब’. यातल्या ‘कर्ब’मध्ये लगाम आहे, ‘स्लॅश’मध्ये कुऱ्हाड. ‘पीक’ हे क्रियापद म्हणून येतं तेव्हा शिखर गाठून उतरणीला लागणं. हे मराठीत लिहिताना मला स्वतःलाच शेत दिसतं, पण ते असो.

आणि एक फसवं वाक्य: ‘ग्रोथ इन एमिशन्स हॅज स्लोड.’ हे वाचून कितीजण खूश होतात! यात उत्सर्जन घटलेलं नाही, वाढतंच आहे. फक्त वाढण्याचा वेग मंदावला आहे.

वहीबहाद्दर | सोमवार, रात्री १०.४५

हे शेवटचं वाक्य मी मागच्याच महिन्यात वाचलं होतं. आणि खूश झालो होतो.

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ७.१०

शब्दवेडींशी सहमत, पण त्यांनी क्रियापदावर थांबायला नको होतं. या विषयात सगळ्यात जास्त वजन पेलतात ते ‘लाइकली’, ‘मे’, ‘व्हेरी’ असे आपण डोळ्यांआड करतो ते शब्द.

आयपीसीसी, म्हणजे १९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून स्थापन केलेली समिती, हे शब्द मोजूनमापून वापरते. त्यांच्या अहवालात ‘लाइकली’ असं लिहिलं की शक्यता ६६ टक्के किंवा जास्त. ‘व्हेरी लाइकली’ ९० च्या वर, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ ९५ च्या वर, ‘व्हर्च्युअली सर्टन’ ९९ च्या वर. उलट्या बाजूला ‘अनलाइकली’ म्हणजे ३३ टक्के किंवा कमी. आपण बोलताना ‘बहुतेक’, ‘बहुधा’, ‘नक्कीच’ म्हणतो तसे हे शब्द मोघम नाहीत, प्रत्येकामागे आकडा आहे.

आता याच शिडीवरून त्यांचे अहवाल पाहा. तापमान वाढण्यामागे माणूस आहे का, या एका प्रश्नाचं उत्तर. १९९५ मध्ये शब्द होता ‘डिसर्निबल’: माणसाचा प्रभाव ‘जाणवण्याजोगा’ आहे, तोही पुराव्यांचा एकूण कल पाहता. २००१ मध्ये ‘लाइकली’. २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’. २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. आणि २०२१ मध्ये टक्केवारीची भाषाच सोडून ‘अनइक्विव्होकल’: निःसंदिग्ध, दुसरा अर्थ काढायला जागा नाही. सव्वीस वर्षांचं विज्ञान, आणि ते सगळं एका विशेषणाच्या बदलात दिसतं.

मी ही पाच विशेषणं एका कागदावर खाली-वर लिहून भिंतीला लावली होती. वर्षभरात इंग्रजीतलं दुसरं काही इतकं पक्कं बसलं नाही.

काठावरची | मंगळवार, सकाळी ११.३०

नामांना इतकं खाली ढकलू नका हो. या विषयातली नामं साधी वाटतात आणि तिथेच पाय घसरतो.

‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ घ्या. ऑफिसात हा मिळाला तर माणूस हवेत तरंगतो. हवामानाच्या बातमीत हा मिळाला तर घाबरायचं. बर्फ वितळतो, खालचं गडद पाणी उघडं पडतं, ते जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आणखी बर्फ वितळतो. परिणामच कारणाला बळ देत जातो, एवढ्यापुरता तो ‘पॉझिटिव्ह’. मराठीत दुष्टचक्र म्हटलं की लगेच कळतं. यालाच जोडून ‘अल्बीडो’, म्हणजे पडलेला प्रकाश परत पाठवण्याचं प्रमाण. लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. ताजा बर्फ आलेल्या प्रकाशातला ८० टक्क्यांहून जास्त परत पाठवतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. हे आकडे कळले की शब्द पाठ करावा लागत नाही.

‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणजे गोठलेली जमीन. त्यातला ‘पर्मा’ पर्मनंटवरून आला, पण व्याख्येत अट फक्त सलग दोन वर्षं गोठलेलं असण्याची. म्हणजे कायमचं गोठलेलं, पण वितळतंय, हा विरोधाभास आपल्या डोक्यात उगाच तयार होतो.

आणि माझा लाडका शब्द ‘काव्हिंग’. बातमीत होतं, हिमनदी ‘काव्ह’ झाली. शब्दकोशात पाहिलं तर गायीचं विणं! मोठ्या बर्फापासून तुकडा सुटून समुद्रात पडतो, तो जणू तिचं वासरू. तेव्हापासून बातमी वाचताना मी मनात ‘हिमनदी व्याली’ असंच म्हणते.

तिथेच ‘सी आइस’, ‘आइस शेल्फ’ आणि ‘आइस शीट’ यांची गल्लत करू नका. पहिला समुद्राचंच पाणी गोठून झालेला. दुसरा जमिनीवरून सरकत येऊन पाण्यावर तरंगणारा. तिसरा जमिनीवर बसलेला अवाढव्य थर. तरंगणारा बर्फ वितळला तर समुद्राची पातळी जवळपास तेवढीच राहते. जमिनीवरचा वितळून आला की वाढते. तिन्हींना वहीत ‘बर्फ’ लिहिलंत तर बातमीचा मुद्दाच हातातून गेला.

जुना_उपसंपादक | मंगळवार, दुपारी ३.०५

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

अनेक वर्षं वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारांचं मराठी केलं. वहीबहाद्दर, तुमच्या यादीत मथळ्यांचं इंग्रजी नाही, आणि ती वेगळीच भाषा आहे. घडून गेलेली गोष्ट तिथे वर्तमानकाळात येते. ‘हीटवेव्ह किल्स’ म्हणजे मारते नव्हे, बळी घेतले. ‘लीडर्स टू मीट’ मधला ‘टू’ भविष्यकाळ, भेटणार आहेत. आणि ‘थाउजंड्स इव्हॅक्युएटेड’ मध्ये हजारोंनी कुणाला हलवलं असं शोधत बसू नका. इंग्रजी ‘वर’ (‘वॉज’चं अनेकवचन) गाळलंय, हजारोंनाच हलवलं. शिवाय प्रत्येक वृत्तपत्राची स्वतःची बोली असते. ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ने २०१९ मध्ये आपल्या लेखकांना सांगितलं की ‘ग्लोबल वॉर्मिंग’पेक्षा ‘ग्लोबल हीटिंग’ म्हणा आणि ‘क्लायमेट चेंज’पेक्षा ‘इमर्जन्सी’, ‘क्रायसिस’, ‘ब्रेकडाउन’ बरे. ‘वॉर्म’ म्हटलं की इंग्रजी कानाला ऊबदार, सुखाचं वाटतं. त्यामुळे एकाच घटनेच्या दोन बातम्या वाचून दोन घटना समजू नका.

आता माझी फजिती. उमेदवारीच्या काळात एक अमेरिकी बातमी आली: तापमान ३.६ अंश फॅरेनहाइटने वाढेल. मी शाळेत शिकल्याप्रमाणे ३२ वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं. उत्तर आलं उणे १५.८. आणि मी तसंच लिहिलं, ‘तापमान उणे १५.८ अंश सेल्सिअसने वाढणार.’ वरिष्ठांनी कागद हातात धरून मला फक्त एवढंच विचारलं, ‘वाढणार ना?’ वाढ बदलताना ३२ चा संबंध येत नाही, नुसतं १.८ ने भागायचं. ३.६ म्हणजे आपले साधे २ अंश. तिथे मला आडवा आला तो पुन्हा ‘बाय’च. तापमान ३.६ ‘ने’ वाढलं की ३.६ ‘वर’ गेलं, हे मी पाहिलंच नव्हतं.

वहीबहाद्दर | मंगळवार, दुपारी ३.४०

काका, ‘वाढणार ना?’ वाचून बसमध्ये मोठ्याने हसलो.

एक शंका. वहीत इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्द लिहायचा की इंग्रजीतूनच अर्थ?

शब्दवेडी | मंगळवार, सायंकाळी ६.१५

मी मराठी प्रतिशब्द पूर्ण बंद केले आहेत. ‘सस्टेनेबल’समोर ‘शाश्वत’ लिहिलं की डोळ्यासमोर अमरत्व येतं. इंग्रजी शब्दात तेवढं काही नाही. त्यात फक्त टिकून राहणं आहे.

जुना_उपसंपादक | मंगळवार, सायंकाळी ७.००

इथे माझा विरोध नोंदवा. दोष मराठीचा नाही, शब्दाला शब्द जोडण्याचा आहे. ‘धिस पेस इज अनसस्टेनेबल’ याचं ‘हा वेग अशाश्वत आहे’ असं केलं तर वाचणारा पान उलटेल. ‘हा वेग झेपणार नाही’ असं केलं तर इंग्रजीही कळलं आणि मराठीही जगली. वहीत शब्दार्थ लिहू नका. आख्खं वाक्य लिहा आणि ते घरात कुणाला सांगाल तसं मराठीत सांगा. सांगता आलं नाही तर कळलेलं नाही. इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

आणि मराठीचीच एक गोची आहे, ती आधी सोडवा. भूगोलाच्या पुस्तकात ‘वेदर’ला हवा आणि ‘क्लायमेट’ला हवामान असा भेद शिकवतात. बोलताना मात्र आपण ‘आज हवामान कसं आहे?’ असंच विचारतो. म्हणून ‘हवामान बदल’ ऐकल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘त्यात काय, ते रोजच बदलतं!’ क्लायमेट काढायचं ते साधारण तीस वर्षांच्या सरासरीवरून. आजचा उकाडा ही हवा, उकाड्याची खोड हे हवामान.

शब्दवेडी | मंगळवार, सायंकाळी ७.२५

‘झेपणार नाही’ मान्य. बाकी माझं मत कायम.

काळजीवाहू | मंगळवार, रात्री ११.५०

थोडं अवांतर. मीही हे दोन महिने केलं आणि सोडलं. शब्द वाढले, झोप गेली. रोज ‘कॅटॅस्ट्रॉफिक’, ‘डिव्हास्टेटिंग’, ‘अनप्रेसिडेंटेड’. त्यापेक्षा खेळाच्या बातम्या वाचलेल्या बऱ्या, निदान कुणीतरी जिंकतं.

अर्धविराम | बुधवार, सकाळी ६.५५

काळजीवाहू, समजू शकतो. महिन्यातून चार दिवस ओझोनच्या बातम्या वाचा. विषय शेजारचाच आहे, पण तोच नाही. ओझोनचा थर विरळ होणं आणि तापमानवाढ हे वेगळे प्रश्न आहेत. तिथे क्रियापदं उलटी चालतात: ‘रिकव्हर’, ‘हील’, ‘रिबाउंड’. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोन खाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायनं टप्प्याटप्प्याने बंद झाली. आहे ती धोरणं टिकली तर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास थर १९८० च्या पातळीला येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. ‘फेज आउट’चा अर्थ खरा तिथे कळतो. पूर्ण बंद, शून्य.

शब्दवेडी | बुधवार, सकाळी ९.३०

‘फेज आउट’ निघालंच आहे तर लिहूनच टाकते. या विषयात व्याकरणावरून देश भांडले आहेत.

२०१५, पॅरिस, संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद. कराराच्या अंतिम मसुद्यात विकसित देशांनी उत्सर्जनकपातीत पुढाकार घेण्याबद्दल ‘शॅल’ आला होता. ‘शॅल’ म्हणजे कायद्याने बांधील. अमेरिकेला ते चालणार नव्हतं, कारण नवं कायदेशीर बंधन आलं की करार मंजुरीसाठी त्यांच्या सिनेटपुढे न्यावा लागण्याची भीती. शेवटच्या तासांत ही तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचून दाखवली गेली आणि तिथे ‘शुड’ बसला. ‘करतील’ चं ‘करावं’ झालं. शाळेत आपण सहायक क्रियापदं किती कंटाळत शिकलो!

२०२१, ग्लासगो. कोळशाच्या विजेबद्दल ‘फेज आउट’ लिहिलं होतं. अगदी शेवटच्या सत्रात भारताने सुचवलं आणि ते ‘फेज डाउन’ झालं: बंद नाही, कमी कमी करत जायचं. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांनी माफी मागितली तेव्हा त्यांचा गळा दाटून आला होता. त्याच वाक्यात पुढे अकार्यक्षम इंधन-अनुदानांसाठी ‘फेज आउट’ तसाच ठेवला आहे. एका वाक्यात दोन्ही शेजारी शेजारी, याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

२०२३, दुबई. तिथे दोन्ही टाळून ‘ट्रांझिशनिंग अवे’ आणला. जीवाश्म इंधनांपासून दूर सरकत जाणं. किती दूर, ते त्या क्रियापदात नाही.

काठावरची | बुधवार, दुपारी १२.१०

ग्लासगोच्या वाक्यात ‘कोल’च्या आधी ‘अनअबेटेड’ आहे, ते राहिलं. धूर न अडवता जाळलेला कोळसा. म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडण्याची सोय असली तर तो या वाक्यातून सुटला. एका विशेषणाची पळवाट.

तसाच ‘नेट झिरो’मधला ‘नेट’. नुसता ‘झिरो’ म्हणजे उत्सर्जनच नाही. ‘नेट’ लागला की जेवढं सोडलं तेवढं कुठूनतरी परत शोषलं, जमाखर्च शून्य. जाहिरातीत ‘नेट’ बारीक अक्षरात आणि ‘झिरो’ ठळक दिसला तर ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द आठवा, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा खोटा आव. तो १९८६ पासून आहे. पाहुण्यांना ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ सांगणाऱ्या हॉटेलांवरून एका अमेरिकी पर्यावरणवाद्याने काढला.

वहीबहाद्दर | शनिवार, रात्री ८.३०

चार दिवस गप्प होतो, कारण नवी वही केली. नामं बंद नाहीत, पण प्रत्येक पानावर एकच वाक्य, आणि खाली ते आईला सांगितलं तसं. पहिलं पान इथे टाकतो, तपासा.

इंग्रजी: ‘२०२४ वॉज द फर्स्ट कॅलेंडर इयर टू एक्सीड १.५ डिग्रीज.’
माझं मराठी: ‘२०२४ साली दीड अंशाची मर्यादा मोडली, पॅरिस करार संपला.’

आई म्हणाली, ‘मग आता परिषदा कशाला भरवतात?’ मला उत्तर देता आलं नाही.

अर्धविराम | शनिवार, रात्री ८.५०

आईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. इंग्रजी वाक्यात ‘मर्यादा मोडली’ कुठे आहे? ‘एक्सीड’ म्हणजे ओलांडलं. ‘ब्रीच’ असतं तर मोडलं म्हणता आलं असतं. आणि ‘कॅलेंडर इयर’ तू गाळलंस. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त उष्ण होतं. पण ते एक वर्ष झालं. पॅरिसमधला दीड अंश हा दशकांच्या सरासरीचा आहे. तुझ्या काकांची हवा आणि हवामान इथे कामाला आली बघ.

जुना_उपसंपादक | शनिवार, रात्री ९.०५

‘२०२४ हे दीड अंश ओलांडणारं पहिलं वर्ष.’ एवढंच. बातमीत नाही ते आपण घालायचं नाही. उणे १५.८ वाल्याकडून एवढं तरी शिका.

वहीबहाद्दर | शनिवार, रात्री ९.२०

खोडलं. आईला परत सांगितलं. म्हणाली, ‘मग अजून भरवू देत.’

खिडकीपाशी | शनिवार, रात्री ११.१५

‘ए’ संपवला. ‘बी’ काढला आहे. ‘बाय’साठी अख्खं पान सोडलंय.